ढेकळात झोपलेली गोगलगाय

मुलांनो, मृग तोंडावर आला आणि शहापूर-मुरबाडकडच्या खाचरांत उखळणी सुरू झाली, की फुटलेल्या ढेकळातून कधीकधी लिंबाएवढी गोल गोगलगाय निघते. तपकिरी शंख, त्यावर वाळलेला चिखल, तोंडाला घट्ट झाकण. मेली असेल म्हणून तिला बांधाबाहेर भिरकावू नका. ती झोपलीय.

हिचं शास्त्रीय नाव पायला. खाचर आटायला लागलं, की ही आपल्या रुंद पायानं ओल्या चिखलात उतरते, अंग शंखात ओढून घेते आणि झाकण लावते. झाकण चुन्याचं, त्यामुळे अंगातली ओल अंगातच राहते. मग वरचा चिखल वाळून भेगाळतो, राब भाजले जातात, वैशाख सरतो. ही मात्र अन्नपाण्यावाचून महिनोन्‌महिने तशीच पडून असते.

मग श्वास कसा घेते? अहो, हिच्याकडे कल्लाही आहे आणि फुप्फुसही! उजवीकडे कल्ला, डावीकडे फुप्फुस. पाण्यात कल्ल्यावर भागतं. पाण्यातला प्राणवायू कमी पडला, की डाव्या बाजूची कातडी वळवून ही नळी करते, ती पाण्यावर काढते आणि हवा ओढते. चिखलातल्या लांब झोपेत फुप्फुसच तिला तारतं. पाण्यात राहणारी ही गोगलगाय अंडी मात्र बांधाच्या ओल्या मातीत घालते. पांढरी, एकमेकांना चिकटलेली.

हिचे भाऊबंद समुद्रात आहेत. त्यांतल्या कित्येकांनी शंख टाकूनच दिलाय. काही जाती चपट्या डोक्यानं वाळू सारत आत घुसतात. या भाऊबंदांतलाच एक, बर्साटेला नावाचा समुद्री ससा, आपल्या देशाच्या किनाऱ्यांवरही सापडतो. त्याची पिल्लं एकमेकांच्या चिकट स्रावाचा माग काढत जातात आणि एका जागी गोळा होतात. डोळ्यांनी धड दिसत नसताना सोबती शोधायचे, म्हणजे केवढी करामत! हा स्राव बनवायला अंगातली बरीच शक्ती खर्ची पडते. किनाऱ्यावरच्या गोगलगायींवर प्रयोग झाले, तेव्हा दिसलं की दुसरीच्या ताज्या मागावरून चालणारीला तो कमी गाळावा लागतो.

तेव्हा यंदा उखळणीत ढेकळात झोपलेली पायला सापडली, तर झाकण काडीनं उचकटू नका. ते तिच्या पायाला जोडलेलं असतं, ओढलं तर जीव जाईल. बांधाच्या सावलीला मातीखाली ठेवा. पाऊस लागला, की ती आपली आपण बाहेर येईल.