आधी वाट, मग बूट

वाईपासून कऱ्हाडपर्यंत कृष्णाकाठच्या कुठल्याही गावाबाहेर पहाटे उभे राहा, पळणारी माणसे दिसतातच. सर्वांत जास्त संख्या पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुला-मुलींची. त्यांच्या मागे साखर किंवा रक्तदाब वाढल्यामुळे पळू लागलेले चाळिशी-पन्नाशीतले लोक. २०१२ साली सातारा हिल मॅरेथॉन सुरू झाल्यापासून हौशी धावपटूंचीही भर पडली आहे. गुडघा, नडगी किंवा टाच दुखते म्हणून यांतले काही जण दवाखान्यात येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘डॉक्टर, बूट कोणते घेऊ?’ त्यांना मी आधी उलट विचारतो, ‘पळता कुठून? आणि किती वाजता?’

पळताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोराचा धक्का बसतो. मिनिटाला साधारण १६० ते १८० पावले पडतात. म्हणजे अर्ध्या तासात पाच हजार धक्के. ते कशावर बसतात, चढावर की उतारावर, धुरात की स्वच्छ हवेत, यावर पळण्याचे औषध होणार की दुखणे, हे बरेचसे ठरते. नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्यांचे भाग्य असे की, त्यांच्या दाराशी एक नव्हे, तीन-चार प्रकारच्या वाटा असतात.

कॅनॉलची कड

धोम धरणाचे डावे-उजवे कालवे खोऱ्यातून लांबवर गेले आहेत. लोक त्यांना ‘कॅनॉल’च म्हणतात. पाणी आपोआप वाहत जावे म्हणून कालवा डोंगराच्या कडेने, जवळपास एकाच उंचीवरून काढलेला असतो. त्यामुळे त्याच्या कडेचा मुरमाचा रस्ताही कित्येक किलोमीटर जवळपास सपाट मिळतो. नव्याने पळू लागलेल्यासाठी, वजन जास्त असलेल्यासाठी आणि दुखापतीतून उठलेल्यासाठी यापेक्षा चांगली वाट नाही. दाबलेला मुरूम पायाला डांबरापेक्षा सुखाचा वाटतो आणि वाहनांची वर्दळ नसते.

सपाटीवर पळताना दर किलोमीटरला वजनाच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी खर्च होते. साठ किलोचा माणूस पाच किलोमीटर पळाला की ३०० कॅलरी. हा हिशेब लक्षात ठेवला, तर पळून आल्यावर दोन वडापाव खाऊन वजन का उतरत नाही, हे वेगळे विचारावे लागत नाही.

इथला धोका पाण्याचा. कालव्याचे काठ घसरडे आणि सरळ उतरते असतात. पोहता येणाऱ्यालाही वाहत्या पाण्यातून वर चढता येत नाही. म्हणून पाण्याच्या बाजूने पळू नये आणि पाय धुवायला किंवा अंगावर पाणी घ्यायला कालव्यात उतरू नये. गवत वाढले असेल, तर उजाडल्याशिवाय जाऊ नये. उसात उंदीर असतात, उंदरांमागे घोणस येते. साप चावलाच, तर आवळून बांधणे, चिरणे, चोखणे यांत वेळ घालवू नका. पाय न हलवता १०८ ला फोन करा आणि लस असलेले सरकारी रुग्णालय गाठा.

डांबरी रस्ता

वाईहून मेणवलीवरून धोमकडे जाणाऱ्या रस्त्यासारखे रस्ते पळायला देखणे असतात. मात्र डांबरी रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता केलेला असतो, पावसाचे पाणी निघून जावे म्हणून. रोज एकाच कडेने पळाले की एक पाय सतत खालच्या पातळीवर पडतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची किंवा कमरेची एकाच अंगाची दुखणी येतात, त्यांमागे अनेकदा हे कारण असते. बूट बदलून ते जात नाही. रस्ता बदलावा लागतो.

यापेक्षा मोठा प्रश्न वाहनांचा. गळीत हंगामात पहाटेच्या अंधारात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो आणि वाढे रस्त्याच्या कडेपर्यंत लोंबत असतात. पळणाऱ्याने रस्त्याच्या उजव्या बाजूने, म्हणजे वाहने समोरून येताना दिसतील असे पळावे. अंगात फिकट रंगाचा शर्ट आणि त्यावर चकाकणारी पट्टी असावी. कानात गाणी नकोत. एकमेकांशेजारी चार जणांची रांग करून पळण्याऐवजी एकामागे एक पळावे.

घाट

पसरणीचा घाट वाईतून पाचगणीला सुमारे पावणेसहाशे मीटर चढतो. चढावर पळताना हृदय आणि फुप्फुसांवर भार वाढतो. दहा टक्के चढाला सपाटीच्या दीडपट शक्ती लागते. पायांना बसणारा धक्का मात्र चढावर कमी असतो. उतारावर नेमके उलटे होते. दम लागत नाही, म्हणून माणूस सुसाट सुटतो. पण प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आकसून शरीराला ब्रेक लावत असतात. त्यात स्नायूंचे सूक्ष्म तंतू तुटतात. म्हणूनच घाट उतरल्यावर दुखणे त्याच दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येते आणि जिना उतरताना कळते. लघवी चहासारखी काळपट झाली, तर ते स्नायूंचे प्रथिन मूत्रपिंडात उतरल्याचे लक्षण असू शकते. तेव्हा घरी थांबू नये.

सवय नसलेल्याने आठवड्यातून एकदाच घाट करावा. चढताना पळावे-चालावे, उतरताना लहान पावले टाकून सावकाश यावे. ज्यांना मधुमेह, रक्तदाब किंवा छातीत दुखण्याचा त्रास आहे, त्यांनी तपासणी झाल्याशिवाय घाटाला हातच घालू नये.

घड्याळ ऋतूप्रमाणे

खोऱ्याची हवा सपाट मुलखासारखी वागत नाही. थंडीत रात्री डोंगरउतार लवकर गार होतात, त्यांच्यावरची जड हवा घरंगळत खाली येते आणि नदीकाठी साठते. वर तुलनेने उबदार थर झाकणासारखा बसतो. मग चुलींचा, गुऱ्हाळाचा, पेटवलेल्या पाचटाचा धूर वर जातच नाही, धुक्यात मिसळून गावावर तरंगत राहतो. निवांत बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. जोरात पळणारा साठ-सत्तर लिटर. म्हणजे पहाटेची ‘शुद्ध हवा’ म्हणून तो दहापट धूर ओढत असतो. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. दमा असलेल्यांनी आणि साठीपुढच्यांनी त्या दिवसांत सूर्य वर येऊन तास झाल्यावर बाहेर पडावे. धुके आणि ट्रॅक्टर यांच्यापासूनही त्याने बचाव होतो.

मार्चनंतर हेच घड्याळ उलटे फिरवायचे. उजाडताच निघून ऊन चढायच्या आत परतायचे. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, ती पहिल्या दिवशी जिद्दीने येत नाही. पळताना कोणी अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला आणि अंग भट्टीसारखे तापले असेल, तर तो उष्माघात समजा, अंगाला घाम असला तरीही. आधी गार करा, मग हलवा. सावलीत घ्या, कपडे सैल करा, मोटारीचे किंवा हंड्यातले पाणी अंगावर ओतत राहा, वारा घाला, त्याच वेळी १०८ ला फोन करा. पूर्ण शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका आणि त्याला नदीत नेऊ नका. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरले, तर मेंदू, यकृत आणि मूत्रपिंड वाचण्याची शक्यता कितीतरी वाढते.

भरतीच्या मुलांसाठी

पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. अंतर छोटे, पण त्यावर घराची आशा टांगलेली असते. म्हणून जाहिरात निघाली की महिन्याभरात सगळे वसूल करायची घाई होते. हाडाला नव्या भाराची सवय व्हायला आठवडे लागतात. नडगीवर एका बोटाने दाबल्यावर नेमक्या एका जागी कळ येत असेल आणि रात्रीही ठणकत असेल, तर ती हाडाची बारीक चीर असू शकते. त्यावर फवारा मारून पळत राहिले, तर चिरेचे फ्रॅक्चर होते आणि ती भरती हातची जाते.

मुलींनी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. १२ च्या खाली असेल, तर दम अपुऱ्या सरावाने नव्हे, लोह कमी असल्यानेही लागतो. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पाळी बंद झाली, तर ‘बरेच झाले’ म्हणू नये. खाणे कमी पडत असल्याची आणि हाडे ठिसूळ होत असल्याची ती सूचना असू शकते. पळता पळता चक्कर येऊन पडणे, छातीत दुखणे किंवा जवळच्या नात्यात कोणी तरुणपणी अचानक दगावलेले असणे, यांपैकी एक जरी असेल, तर पळणे थांबवून आधी ईसीजी आणि तपासणी. वेळ सुधारण्यासाठी कोणी दिलेले इंजेक्शन किंवा गोळी घेऊ नये.

आता गावाविषयी. मुले पहाटे चारला राज्य रस्त्यावर पळतात, कारण त्यांना दुसरी जागा नसते. १६०० मीटर म्हणजे ४०० मीटरचे चार किंवा २०० मीटरचे आठ फेरे. शाळेच्या मैदानाभोवती मुरूम दाबून २०० मीटरची पट्टी आखणे, एखादा पाणंद रस्ता साफ करून त्यावर दर १०० मीटरला चुन्याची खूण करणे, दोन दिवे लावणे हे ग्रामपंचायतीला जड नाही. तिथे मुलींना एकट्याने पळायचीही भीती राहणार नाही आणि त्यांच्या मागोमाग मधुमेहाचे पेशंट चालायला येतील. नळाचे पाणी शुद्ध असावे, असा आग्रह आपण धरतो. पळायची वाट सुरक्षित असावी, हा आग्रहही त्याच वहीत लिहून पुढच्या ग्रामसभेत मांडायला हवा.