चार बाजू मोजल्या, की नकाशा झाला?

शाळेला नवे वर्ग बांधायचे ठरले, की परवानगीच्या अर्जासोबत जागेचा नकाशा, म्हणजेच साइट प्लॅन, जोडावा लागतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 प्रमाणे नियोजन प्राधिकरण त्यावरूनच प्रस्ताव तपासते. नकाशावर सही असते ती परवानाधारक अभियंत्याची किंवा वास्तुविशारदाची. पण त्यातील मुख्य अडचण शालेय भूमितीतलीच आहे, म्हणून ती वर्गात सोडवून पाहण्याजोगी आहे.

समजा, शाळेच्या जागेच्या चार बाजू टेपने मोजल्या आणि त्या क्रमाने 40, 30, 40 व 30 मीटर भरल्या. कागदावर आपण लगेच आयत काढतो आणि क्षेत्रफळ 1200 चौ. मी. लिहून मोकळे होतो. आता चार आगकाड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडून चौकोन करा. तो हवा तसा कलतो. बाजू त्याच राहतात, क्षेत्रफळ मात्र बदलत जाते. त्रिकोण करून पाहा, तो हलत नाही. म्हणून जमीन मोजताना तिचे त्रिकोण पाडायचे, म्हणजेच निदान एक कर्ण मोजायचाच.

भास्कराचार्यांनी 'लीलावती'त (इ. स. 1150) हे चांगलेच ठणकावले आहे. कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचे नेमके क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी पिशाच म्हटले आहे, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहूनही वरचढ! तरी समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करण्याची सवय काही जात नाही. या रीतीने येणारे उत्तर खऱ्यापेक्षा कधीच कमी येत नाही. आयत असेल तरच ते बरोबर, एरवी जास्तच.

आपल्या जागेचा कर्ण 50 ऐवजी 43 मीटर भरला असे धरू. 40, 30, 43 बाजूंच्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ हेरॉनच्या सूत्राने 577.5 चौ. मी. येते. असे दोन त्रिकोण, म्हणून एकूण 1155 चौ. मी. जवळजवळ एका वर्गखोलीएवढी, 45 चौ. मी. जागा कागदावरच होती! बांधता येणारे चटईक्षेत्र जागेच्या क्षेत्रफळावर ठरते, तेव्हा तेही घटणार. कोपरा 90 ऐवजी सुमारे 74 अंशांचा आहे, पण काटेरी कुंपण आणि झुडपे यांच्यात हे डोळ्यांना सहज कळत नाही.

याहून मोठी पंचाईत पुढे आहे. 40 मीटरच्या दोन समांतर बाजूंमधले लंब अंतर 30 नव्हे, तर 1155 ÷ 40, म्हणजे सुमारे 28.9 मीटर आहे. दोन्ही बाजूंना 3 मीटर मोकळे सोडायचे म्हणून आपण 24 मीटर रुंद इमारत आखली, तर प्रत्यक्षात दोन्हीकडे जेमतेम 2.4 मीटर उरतात. पायाची आखणी करताना हे उघड झाले तर नकाशा बदलून नव्याने मंजुरी घ्यावी लागेल. पाया भरल्यावर झाले तर विचारायलाच नको.

1:500 या प्रमाणात 40 मीटरची बाजू 8 सेंमी आणि 43 मीटरचा कर्ण 8.6 सेंमी. कंपासने चाप मारून दोन्ही त्रिकोण काढा. मग दुसरा कर्ण नकाशावर 11.2 सेंमी आणि जमिनीवर 56 मीटरच्या आसपास यायला हवा. ही पडताळणी टाळू नये. विहीर, झाड, विजेचा खांब यांची जागाही अशीच, दोन कोपऱ्यांपासूनची अंतरे मोजून ठरते. जमिनीचा उतार गवंड्याच्या पाण्याच्या नळीने कळतो. उत्तर दिशा आणि लगतच्या रस्त्याची रुंदी तर हवीच. या प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलरेघ जमिनीवर 25 सेंमी व्यापते, म्हणून हद्दीपासूनची अंतरे आकड्यांत लिहावीत. झेरॉक्समध्ये नकाशा लहानमोठा होतो, त्यासाठी खाली रेखाप्रमाणही काढावे.

सातबारा क्षेत्र सांगतो, आकार नाही. आकारासाठी भूमी अभिलेख खात्याची मोजणी आणि तिच्या नकाशाची 'क' प्रत लागते. मुलांचा नकाशा तिच्याशी ताडून पाहा. फरक टेपच्या चुकीएवढा असेल तर ठीक. एखादी बाजू दोन-तीन मीटरने हटत असेल, तर कुंपण हद्दीवर आहे का, हे अर्ज देण्यापूर्वीच शेजाऱ्यांसमक्ष पाहून घ्यावे लागेल.