मीना सलमानहून डोंबिवलीची बाथरूम

आई बाथरूममध्ये घसरून पडली हे मला नऊ दिवसांनी कळलं. तेही तिच्याकडून नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी बाबांकडून माझा नंबर घेऊन फोन केला होता, तो खरं तर त्यांच्या छताला आलेल्या ओलीबद्दल. "अरे, तुमच्या बाथरूमचं पाणी आमच्या डोक्यावर ठिबकतंय, काहीतरी कर," असं म्हणता म्हणता त्या बोलून गेल्या, "आणि आईचा हात कसा आहे आता?"

आईला विचारलं तर म्हणाली, "काही नाही रे, मनगट मुरगळलंय. तू तिकडून काय करणार होतास?"

प्रश्न बरोबर होता, म्हणून जास्त लागला.

मी मीना सलमानला जहाजदुरुस्तीच्या एका वर्कशॉपमध्ये आहे. मीना म्हणजे अरबीत बंदर. व्यापारी माल २००९ साली हिद्दच्या नव्या खलिफा बिन सलमान बंदरात गेला, पण गोदामं, गॅरेजं, वेल्डिंगची दुकानं आणि आमच्यासारखे लोक इथेच राहिले. आमचं घर डोंबिवली पूर्वेला, तिसरा मजला, लिफ्ट नाही. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे चार बाय चारची बाथरूम, तिच्या शेजारी चार बाय तीनचा संडास, मध्ये साडेचार इंची भिंत आणि बाहेर पॅसेजमध्ये बेसिन. डोंबिवलीत वाढलेल्या कुणालाही हा नकाशा डोळे मिटून काढता येईल.

बजेट ठरवलं साडेसहाशे दिनार. दिनारला सव्वादोनशे रुपये धरले तर साधारण एक लाख पंचेचाळीस हजार. एवढ्यात सगळं बसवायचं होतं, आणि रजा मे महिन्याशिवाय नव्हती. म्हणजे काम व्हिडिओ कॉलवर.

पहिला नकाशा मी केला तो अगदी आखाती होता. काचेचं पार्टिशन, भिंतीला टांगलेला कमोड, वर पावसासारखा शॉवर. आईला फोटो पाठवले. तिने नीट बघितले आणि विचारलं, "या काचेत माझा पाट कुठे मावणार?"

आई पाटावर बसून, बादली-तांब्याने आंघोळ करते. सत्तर वर्षं करते आहे. बाबा गुडघ्यांमुळे बसू शकत नाहीत, ते भिंतीला हात टेकून उभ्याने करतात. मी ज्या बाथरूमचे पैसे पाठवणार होतो, तिच्यात या दोघांपैकी कुणीच आंघोळ करणार नव्हतं. तो नकाशा तिथेच संपला.

मग मी एक गोष्ट केली, जी आधीच करायला हवी होती. दुरुस्तीला आलेल्या एका जहाजाच्या केबिनमधल्या बाथरूममध्ये टेप घेऊन शिरलो. चार बाय पाच. आमच्या बाथरूम-संडासाच्या एकूण जागेपेक्षा लहान. तरी त्यात धडधाकट खलाशी डुलत्या समुद्रात आंघोळ करतो आणि पडत नाही. कारण हाताशी दांडा आहे, जमीन खरखरीत आहे, पाणी कोपऱ्यातल्या ड्रेनकडे धावतं आणि जमिनीवर अडखळायला एकही वस्तू नाही. तिथे चकचकीत काहीच नव्हतं. खलाशाला दांडा लागतो आणि माझ्या आईला नाही, असं आम्ही इतकी वर्षं कसं धरून चाललो, कोण जाणे.

मधली भिंत पाडायची की नाही यावर भावाशी आठवडाभर वाद झाला. त्याचं म्हणणं, एकाला आंघोळ करताना दुसऱ्याला संडास मोकळा हवा. घरात चार माणसं असती तर मीही तेच म्हटलं असतं. पण आता तिथे दोघंच राहतात, आणि उद्या एकाला धरून आत न्यायची वेळ आली तर तीन फुटांच्या संडासात दुसरा माणूस मावत नाही. सोसायटीला अर्ज दिला, त्यांच्या इंजिनीअरने बघून ही भिंत भार घेणारी नाही असं लिहून दिलं. मग पाडली. चार बाय सव्वासात फुटांची एक खोली मिळाली. दोनपैकी एक दार विटांनी बुजवलं, दुसरं दोन फुटांवरून अडीच फूट केलं आणि बाहेरच्या बाजूला उघडेल असं लावलं. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर दार त्याच्याच अंगाला अडतं. कडीही अशी घेतली की वेळ पडली तर बाहेरून नाणं घालून फिरवता येते. बेसिन पॅसेजमध्येच ठेवलं. जागा वाचली, पैसेही.

मिस्त्री चांगला मिळाला. बोलणं कमी, हात चालू. तो भारतात सकाळी दहाला काम सुरू करायचा, तेव्हा इथे साडेसात वाजलेले असत. पंचाईत सुट्टीची होती. माझा शुक्रवार रिकामा, त्याचा रविवार. रविवारी मला कामावर त्याचे कालचे फोटो बघत बसावं लागे आणि प्रश्न विचारायला कुणी नसे. आई-बाबांची सोय काय, हा मोठा प्रश्न होता. तो काकूंनी सोडवला. "तुमची बाथरूम होईपर्यंत आमची वापरा," म्हणाल्या, "माझं छत कोरडं होणार असेल तर महिनाभर या." तीन वर्षं ठिबकणाऱ्या पाण्यावरून दोन घरांत बोलणं जेमतेम होतं. आता आई रोज सकाळी कपडे घेऊन खाली जाऊ लागली आणि चहा पिऊनच वर येऊ लागली.

तोडल्यावर भिंतीतले जुने लोखंडी पाइप निघाले. अर्धा इंची पाइप आतून गंजून पेन्सिल जेमतेम जाईल एवढा उरला होता. बाबा वर्षानुवर्षं म्हणत, "पालिकेच्या पाण्याला जोरच नाही." पालिकेचा दोष नव्हता. गरम पाण्याला सीपीव्हीसी आणि थंडाला यूपीव्हीसी घातलं. ही अदलाबदल चालत नाही. साधं यूपीव्हीसी गीझरच्या पाण्याने मऊ पडतं.

गीझर कुठे लावायचा यावरून बोलताना मी आईला आमच्या इथली गंमत सांगितली. जुलै-ऑगस्टमध्ये गच्चीवरची टाकी इतकी तापते की थंडाच्या नळाला कढत पाणी येतं. मग आम्ही गीझर बंद ठेवतो आणि घरातल्या एसीच्या गारव्यात राहिलेलं गीझरमधलं पाणी थंड म्हणून वापरतो. गरम नळ फिरवायचा की गार पाणी. आई म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडे सगळंच उलटं." गीझर जुनाच ठेवला, पण वायर नवी, अर्थिंग तपासून घेतलं आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. करंट कुठे गळायला लागला तर तो क्षणात वीज तोडतो. ओल्या जागेत हा खर्च टाळू नका.

आता खरी गोष्ट. जुन्या इमारतीत बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो, त्यात पाइप टाकून वर विटांच्या तुकड्यांचा कोबा करतात. आमचा कोबा पाण्याने भिजून काळा झाला होता. तो सगळा काढून स्लॅबवर वॉटरप्रूफिंग केलं, भिंतीवर फूटभर चढवलं आणि आंघोळीच्या बाजूला त्याहून वर नेलं. काम झालं तसा मिस्त्री म्हणाला, "दादा, उद्यापासून टाइल लावतो." मी म्हटलं, आधी पाणी भरा. ड्रेनचं तोंड बंद करा, चार इंच पाणी भरा आणि अठ्ठेचाळीस तास ठेवा. त्याला पटलं नाही. "आजवर कधी गळलं नाही," म्हणाला. मी म्हटलं, आमच्याकडे जहाजाची टाकीसुद्धा दुरुस्तीनंतर भरून बघितल्याशिवाय कुणी सही करत नाही.

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंचा फोटो आला. छताला रुपयाएवढा ओला डाग. संडासाचा पाइप स्लॅबमधून जातो तिथेच सांधा सुटला होता, आणि खालचा जुना पाइपही तडकलेला निघाला. मिस्त्रीने कान पकडले. पाइप बदलला, कडा पुन्हा भरल्या, पुन्हा पाणी, पुन्हा दोन दिवस. यात आठवडा गेला आणि एकोणीस हजार जास्तीचे गेले. टाइल लावल्यावर हे कळलं असतं तर सगळंच पुन्हा फोडावं लागलं असतं.

जमिनीच्या टाइलसाठी माहितीपत्रकात आर आणि पुढचा आकडा बघा. तो ९ ते १३ असतो, जितका मोठा तितकी पकड जास्त. आम्ही आर ११ घेतली. आणखी खरखरीत घेतली तर साबणाचा थर धरतो आणि घासून घासून आईचाच हात दुखणार. ढाळ फुटाला पाव इंच, एकाच दिशेने, कोपऱ्यातल्या नहाणी ट्रॅपकडे. हा शब्द देशभरचे प्लंबर वापरतात. ही आपली न्हाणीच. भिंतीला आंघोळीच्या बाजूला सात फूट टाइल, कमोडच्या बाजूला फक्त चार. तेवढ्याने पंचवीस-एक चौरस फूट टाइल आणि तिची मजुरी वाचली.

पाटाऐवजी भिंतीला लागून अठरा इंच उंचीचा कट्टा बांधला. आईने व्हिडिओवर त्यावर बसून दाखवलं आणि लगेच अडचण निघाली. बादली जमिनीवर, हात पोचत नाही. मग बादलीसाठी फूटभर उंचीचा ओटा केला आणि नळ तेवढा वर घेतला. नळाची जागा टाइल लावायच्या आधी माणूस बसवून ठरवावी, हे कुठल्याच नकाशात नव्हतं.

दांडे मात्र मीना सलमानचे. आमच्या वर्कशॉपमध्ये ३१६ स्टीलच्या पाइपचे तुकडे उरलेले होते, समुद्राच्या खाऱ्या हवेत टिकणारं स्टील. फोरमनला विचारलं. त्याने कारण ऐकलं आणि वेल्डरलाच हाक मारली. बिहारचा आहे. त्याने जेवणाच्या सुट्टीत दोन दांडे वाकवून, घासून, पॉलिश करून दिले. जाडी ३२ मिलिमीटर, म्हणजे मुठीत नीट बसते. भिंतीपासून दीड इंच मोकळे. पैसे घेईना. "माँ के लिए है ना," एवढंच म्हणाला. सुट्टीवर निघालेल्या एका सहकाऱ्याने ते सामानातून नेले. एक कट्ट्याशेजारी, एक कमोडशेजारी, दोन्ही टाइलला नव्हे तर आतल्या विटेत खोल बोल्ट घालून बसवले. मिस्त्रीने लोंबकळून दाखवलं.

हिशेब असा लागला. तोडफोड आणि डेब्रिज खाली नेणं चौदा हजार (लिफ्ट नसल्याची किंमत यात आली), वॉटरप्रूफिंग बावीस, पाइप आणि प्लंबरची मजुरी चोवीस, टाइल मजुरीसकट अडतीस, कमोड आणि नळ एकवीस, दार साडेआठ, वायरिंग साडेसात आणि ते पाण्याने दाखवलेले एकोणीस. एक लाख चौपन्न हजार. बजेटपेक्षा नऊ हजार जास्त, म्हणजे चाळीस दिनार. यातले निम्म्याहून जास्त पैसे कुणाला दिसणार नाहीत. पाहुणे आले की विचारतात, "एवढ्यात शॉवर नाही बसवला?"

मे महिन्यात गेलो. आल्या आल्या आंघोळीला शिरलो. पाणी सरळ कोपऱ्यात जात होतं, पाय सरकत नव्हता, कट्ट्यावर बसून बादलीतला तांब्या सहज हाताशी येत होता. फक्त बहारीनहून आलेल्या त्या दांड्यावर बाबांचा पंचा आणि आईचे दोन ब्लाउज वाळत घातलेले होते. मी ते काढून बाहेर दोरीवर टाकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच.

"अगं, पडताना धरायचा आहे तो," मी म्हटलं.

"मग धरेन की. कपड्यांसकट धरेन."

तिसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या दुकानातून चार हूक आणले आणि दाराच्या मागे ठोकले.