आमची कोठेही शाखा नाही!

एक झटपट क्विझ. तुफान वेगाने वाढलेल्या कंपन्यांच्या संस्थापकांचं, कंपनी काढतानाचं सरासरी वय किती असेल? कॉलेज अर्धवट सोडलेला, हुडी घातलेला विशीतला पोरगा डोळ्यांसमोर आला ना? सिनेमे कमी बघा! अभ्यासकांनी अमेरिकेतल्या तब्बल 27 लाख संस्थापकांच्या नोंदी चाळल्या. हजारात एखादीच कंपनी जशी सुसाट वाढते, तशी काढणाऱ्यांचं सरासरी वय निघालं 45! पन्नाशीच्या संस्थापकाला असं घवघवीत यश मिळण्याची शक्यता तिशीतल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट. हे वाचायला चष्मा शोधावा लागला असेल, तर अभिनंदन. तुमचं वय धंद्याचं आहे.

माहीत आहे का, ‘आंत्रप्रेन्योर’ हा जिभेची कसरत करायला लावणारा शब्द अर्थशास्त्रात कोणी रुळवला? रिचर्ड कँटिलॉन नावाच्या आयरिश बँकरने. त्याची व्याख्या मंडईतल्या कुठल्याही मावशींना न शिकता येते. माल घ्यायचा तो ठरलेल्या भावात, विकायचा तो नशिबात असेल त्या भावात. मधली धाकधूक जो पोटात घालतो, तो उद्योजक! या यादीत त्याने भिकारी आणि दरोडेखोरसुद्धा बसवले. का? तर त्यांचीही मिळकत बेभरवशाची. कँटिलॉनचं पुस्तक छापून आलं 1755 मध्ये, पण ते बघायला तो होता कुठे? 1734 मध्येच लंडनमधल्या त्याच्या घराला आग लागली आणि खुनाचा संशय मागे ठेवून गडी गेला. रिस्क म्हणतात ती ही.

दरोडेखोरांचा विषय निघालाच आहे, तर हेही ऐका. अमेरिकेत रीतसर कंपनी नोंदवून धंदा करणाऱ्यांचं बालपण दोन अर्थतज्ज्ञांनी उकरून काढलं. ही मंडळी शाळकरी वयात बुद्धीच्या चाचण्यांत चमकलेली होती आणि नियम मोडण्यातही! पालकांनो, लगेच खूश होऊ नका. दोन्ही गुण एकाच कार्ट्यात हवेत. नुसत्या उनाडपणावर जीएसटी नंबर मिळत नाही.

जत्रेत साबणावर रिंग टाकायचा खेळ खेळलाय? डेव्हिड मॅक्लेलंड या मानसशास्त्रज्ञाने त्यातून उद्योजक हुडकला. खुंटीवर रिंग टाका, किती लांब उभं राहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. काही जण खुंटीला नाक लावून उभे राहतात, काही जण पार लांबून भिरकावतात. पण काहीतरी करून दाखवायची खुमखुमी असलेले बरोब्बर अशा जागी उभे राहतात, जिथून रिंग पडेलही आणि चुकेलही. 1960 च्या दशकात हीच थिअरी घेऊन साहेब थेट आंध्रातल्या काकीनाड्याच्या छोट्या व्यावसायिकांकडे पोचले आणि त्यांना ‘खुमखुमी’चं ट्रेनिंग दिलं!

‘सुट्टे द्या हो!’ या वाक्यावर चक्क रिसर्च पेपर आहे, माहीत आहे का? पश्चिम केनियातल्या छोट्या दुकानांत मोड नाही म्हणून गिऱ्हाईक हातचं जातं, किंवा दुकानदार गल्ला सोडून शेजाऱ्याकडे मोड मागायला पळतो. यात बुडतं किती? नफ्याच्या 5 ते 8 टक्के! आणि खरी गंमत पुढे. अभ्यासक दर वेळी येऊन ‘मोड नसल्याने किती नुकसान झालं?’ असं विचारत राहिले, तर नुसत्या विचारण्यानेच दुकानदार जास्त मोड बाळगू लागले. आपल्याकडे मोड यायची ती मटकीला, गल्ल्यात नाही. म्हणून तर सुट्ट्याऐवजी चॉकलेट हे चलन निघालं, तेही रिझर्व्ह बँकेला न विचारता.

आता जरा बूड टेकून बसा, कारण पुढचा किस्सा आपल्या दारात घडलाय.

पालघर जिल्ह्यातलं तारापूर आणि पलीकडचं गुजरातेतलं उंबरगाव. कापड विणणारे कारखाने, मालकी घरचीच. 2008 च्या सुमारास निकोलस ब्लूम आणि त्यांचे सहकारी अर्थतज्ज्ञ इथे एक भन्नाट प्रयोग घेऊन आले. काही कारखान्यांना नामांकित सल्लागार पाच महिने फुकट दिले, काहींना फक्त एक महिना. मग तुलना! फॅक्टरीत आत शिरल्यावर काय दिसलं? जमिनीवर पसारा, हत्यारं कुठेही, सुताच्या ढिगावर लेबलचा पत्ता नाही, यंत्र बंद पडलं की मगच त्याची आठवण.

सल्लागारांनी 38 गोष्टींची यादी काढली. केर काढा. वस्तू जागच्या जागी ठेवा. यंत्राचं तेलपाणी बिघाडाआधी करा. कापडातल्या खोटी रोज लिहा. खरं सांगा, यातली निम्मी यादी तुमच्या आजीने चहाच्या एका कपावर सांगितली असती की नाही? पण रिझल्ट बघा. पहिल्याच वर्षी उत्पादकता 17 टक्क्यांनी वर! एका कारखान्यामागे वर्षाला सुमारे 3 लाख डॉलरचा जादा नफा होईल, असा अंदाज निघाला. झाडू एवढा महाग असेल असं वाटलं होतं?

मग मालकांनी हे आधी का नाही केलं? कारण त्यांना वाटत होतं की आपलं झकास चाललंय. मोजलंच नाही, तर कमी पडतंय हे कळणार कसं? आणि एक धमाल शोध याच अभ्यासातून निघाला. कंपनी किती मोठी होणार हे कशावरून कळतं? मशीनवरून? मॅनेजमेंटवरून? नाही हो! मालकाच्या घरात कर्ते पुरुष किती, त्यावरून! परक्या मॅनेजरच्या हाती किल्ल्या द्यायला जीव होत नाही, म्हणून जितके भाऊ, मुलगे, पुतणे तितका पसारा. (घरातल्या मुली या हिशेबात का नव्हत्या, हे ज्याने त्याने आपापल्या घरी विचारावं.) आठ-नऊ वर्षांनी अभ्यासक परत डोकावले, तर सुरू केलेल्या सुधारणांपैकी जवळपास निम्म्या गुल! तरीही हे कारखाने बाकीच्यांच्या पुढेच. जानेवारीत लावलेल्या जिमचं असं कधी झालंय का तुमचं?

तारापूरहून सियालकोट. जगभरचे फुटबॉल शिवणारं पाकिस्तानातलं गाव. संशोधकांनी रेक्झिन कापायचा एक नवा साचा आणला. त्याच शीटमधून जास्त पंचकोन निघणार, म्हणजे माल वाचणार. साचा फुकट दिला, तरी बहुतेक कारखान्यांत धूळ खात पडला. कोडं! उत्तर सापडलं कारागिराच्या पाकिटात. त्याला मजुरी नगावर, आणि नवा साचा सुरुवातीला हात जड करतो. माल वाचला तर फायदा मालकाचा, वेळ गेला तर तोटा आपला. मग काय, तो मालकाला जाऊन सांगायचा, ‘साहेब, बेकार आहे.’ अभ्यासकांनी काही ठिकाणी कारागिराला साधारण महिन्याच्या पगाराएवढं बक्षीस लावलं, नवा साचा नीट चालवून दाखव म्हणून. मग त्यातल्या काही ठिकाणी चालायला लागला की!

श्रीलंकेत तर लॉटरीच लागली. छोट्या धंदेवाल्यांना चिठ्ठ्या टाकून 10 किंवा 20 हजार श्रीलंकन रुपये दिले. त्या भांडवलावर महिन्याला जवळपास 5 टक्के परतावा! अशी एफडी सापडली तर आधी मला फोन करा. पण पुढे गाडी अडली. पुरुषांचे धंदे फुलले, बायकांच्या धंद्यात सरासरी वाढ शून्य. टीकाकार सरसावलेच होते. मग 2019 च्या एका अभ्यासाने चोर पकडला. बायकोच्या नावाने आलेले पैसे नवऱ्याच्या धंद्यात जात होते! ज्या घरात धंदा करणारी ती एकटीच, तिथे हा फरक नाहीसा. अर्धांगिनी म्हणायचं, आणि भांडवल मात्र पूर्ण घ्यायचं.

तिकडे अहमदाबादच्या सेवा बँकेने बायकांना दोन दिवसांचं बिझनेस ट्रेनिंग दिलं. काहींना सांगितलं, मैत्रिणीला घेऊन या. ज्या जोडीने आल्या, त्यांनीच पुढे धंद्यासाठी जास्त कर्ज काढलं आणि त्यांच्या घरची कमाईही वाढली. गिरगावात 1959 मध्ये 7 जणी आणि 80 रुपये उसने, एवढ्यावर लिज्जत पापड लाटायला सुरुवात झाली होती, ती काय उगीच?

टोगो देशाची राजधानी लोमे. 1,500 छोटे व्यावसायिक. एका गटाला नेहमीचं ट्रेनिंग, म्हणजे जमाखर्च, मार्केटिंग वगैरे. दुसऱ्या गटाला मानसशास्त्र: पुढाकार घ्या, वेगळं करा, आपटलात तरी उठा. पहिल्यांचा नफा 11 टक्के वाढला, दुसऱ्यांचा 30! जमाखर्चाचे सर नाराज.

नायजेरियात बिझनेस प्लॅनची जंगी स्पर्धा झाली, जवळपास 24 हजार अर्ज. जिंकणाऱ्यांपैकी कोणाचा धंदा जास्त फळफळेल, याचा अंदाज परीक्षकांच्या गुणांवरून बांधता येईल? नाही. मशीन लर्निंगने? तेही डोकं खाजवत बसलं.

आणि जपानमध्ये? पोटचा पोरगा नालायक वाटला, तर शेठजी सरळ एखादा हुशार तरुण दत्तक घेतात, बहुधा जावई करून. अशा दत्तक वारसांच्या कंपन्या सख्ख्या वारसांच्या कंपन्यांपेक्षा सरस ठरल्याचं अभ्यास सांगतो. घरजावयांनो, कॉलर ताठ!

आता शेवटचा बॉम्ब. अमेरिकेत 40 वर्षं जुन्या कारखान्यात नव्या कारखान्याच्या सातपटीहून जास्त माणसं असतात. भारतात ही वाढ फारच तोकडी. आपल्यालाच वाढायची हौस नाही म्हणता? थांबा. खुद्द अमेरिकेतल्या नव्या छोट्या धंदेवाल्यांना 2011 च्या एका अभ्यासात गाठलं, तर बहुतेकांना मोठं व्हायचंच नव्हतं. प्लंबर, वकील, दुकानदार, सगळे आपापल्या गल्लीत खूश. धंदा कशाला काढला? निम्म्याहून जास्त जणांचं उत्तर पैशाबद्दल नव्हतंच. डोक्यावर साहेब नको, वेळ आपल्या हातात हवा, बस्स! हे सांगायला अभ्यासकांना आख्खा शोधनिबंध लागला. आपल्याकडच्या मिठाईवाल्यांनी हेच फार पूर्वी पत्र्याच्या पाटीवर चार शब्दांत रंगवून, खिळा ठोकून टांगलंय.