वर्तणूक नियमाची ढाल

गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर अखेरचा श्वास घेतला. त्या वलगावात जयंतीची वर्गणी मागितली की आमचा नोकरदार बांधव पैसे देतो, पण पावतीवर नाव नको म्हणतो. "भाऊ, नोकरीचा सवाल हाये." कोणता नियम आडवा येतो, ते मात्र त्याला सांगता येत नाही.

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधील नियम ५ सांगतो: राजकीय पक्षाचे सभासद होऊ नका, राजकीय चळवळीला मदत करू नका, निवडणुकीत प्रचार करू नका. गाडीवर निवडणूक चिन्ह लावले तरी तो प्रचारच. मत देता येते. कोणाला दिले ते सांगायचे नाही. जिल्हा परिषदेच्या गुरुजींना १९६७ चे वेगळे नियम आहेत. यात जयंती, विहार, वाचनालय कुठे आले? वर्गणी देण्याला बंदी नाही. स्वतः निधी गोळा करायचा तर आधी परवानगी घ्यावी.

खरी मेख वेगळीच आहे. एखादी संघटना राजकीय की नाही, याचा अंतिम निर्णय सरकारचा! केंद्राने ३० नोव्हेंबर १९६६ च्या परिपत्रकाने आपल्या कर्मचाऱ्यांना राष्ट्रीय स्वयंसेवक संघ व जमात-ए-इस्लामी यांच्या कार्यात मज्जाव केला. ९ जुलै २०२४ रोजी त्यातून फक्त संघाचे नाव काढले. नियम तोच, संघही तोच.

कांशीरामजी हा नियम पुरता ओळखून होते. १९६० च्या दशकात पुण्यातील संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेने बुद्ध व आंबेडकर जयंतीची सुटी रद्द केली, तेव्हा दीनाभाना या चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याने विरोध केला आणि निलंबन ओढवून घेतले. त्या लढ्याने कांशीरामजी चळवळीत आले. ६ डिसेंबर १९७८ ला उभी राहिलेली बामसेफ जाणीवपूर्वक अराजकीय ठेवली गेली. पक्ष १९८४ मध्ये, वेगळा काढला. नियमाच्या आत राहून कर्मचाऱ्यांचा पैसा, बुद्धी आणि वेळ समाजाला मिळाला. आजचा आमचा साहेब मात्र नियमाच्या आड लपतो. १८ मार्च १९५६ ला आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल व्यक्त केलेली खंत त्याला ठाऊक नसेल असे नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये कामेश्वर प्रसाद खटल्यात शांततापूर्ण निदर्शनांवरील सरसकट बंदी रद्द केली. संपाचा मूलभूत हक्क मात्र मानला नाही. १९८३ मध्ये पूर्वी संघात असलेल्या एका शिक्षकाची बडतर्फी याच न्यायालयाने टिकू दिली नाही. तो निकाल आमच्याही कामाचा आहे.

तेव्हा नोटीस आली तर साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन हात जोडू नका. मुदतीत लेखी उत्तर द्या, कोणता पोटनियम मोडला ते विचारा आणि पोच घ्या.