रिक्रिएशनल व्हेइकल

रिक्रिएशनल व्हेइकल, संक्षेपाने आर.व्ही., म्हणजे प्रवास आणि मुक्काम या दोहोंची सोय एकत्र असलेले वाहन होय. त्यात झोपण्याची जागा, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याच्या टाक्या आणि बहुधा शौचालय असते. ही संज्ञा मुख्यतः अमेरिका व कॅनडात रूढ आहे. ब्रिटनमध्ये स्वतःचे इंजिन असलेल्या प्रकारास मोटरहोम, तर दुसऱ्या वाहनाने ओढून न्यायच्या प्रकारास कॅरव्हान म्हणतात. भारतात दोन्हींसाठी कॅरव्हान हाच शब्द प्रचलित आहे. कौटुंबिक सहलींसाठी असे वाहन निवडताना अंतर्गत सजावटीपेक्षा भारक्षमता, सुरक्षित आसने आणि लांबी या तीन बाबी अधिक निर्णायक ठरतात.

इतिहास

१९१० साली पिअर्स-अ‍ॅरो या कंपनीने न्यूयॉर्कमधील मॅडिसन स्क्वेअर गार्डन येथे ‘टूरिंग लँडॉ’ ही मुक्कामाची सोय असलेली मोटार प्रदर्शित केली. वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीचे ‘क्लिपर’ हे अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचे ट्रेलर १९३६ मध्ये बाजारात आले. आयोवा राज्यातील विनेबागो कंपनीने १९६६ पासून मोटरहोमचे कारखानी उत्पादन सुरू केले व ही वाहने मध्यमवर्गीय कुटुंबांच्या आवाक्यात आली. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट व त्याचा परिसर हे आज या उद्योगाचे प्रमुख केंद्र आहे.

प्रकार

स्वतःचे इंजिन असलेल्या वाहनांचे तीन वर्ग मानले जातात. ‘ए’ वर्गातील वाहने बसच्या आकाराची असतात. ‘बी’ वर्गातील वाहने व्हॅनच्या सांगाड्यातच बसवलेली असून ती चालवण्यास सर्वांत सोपी असतात; मात्र त्यांत बहुधा दोघांचीच झोपण्याची सोय होते. ‘सी’ वर्गात चालकाच्या कक्षावर पुढे आलेला पलंग असतो, त्यामुळे मुले असलेल्या कुटुंबांत हा प्रकार लोकप्रिय आहे.

ओढून न्यायच्या प्रकारांत मिटवता येणारे तंबू-ट्रेलर, सामान्य ट्रॅव्हल ट्रेलर आणि पिकअप ट्रकच्या हौद्यात जोडले जाणारे फिफ्थ व्हील यांचा समावेश होतो. यांचा लाभ असा की मुक्कामी ट्रेलर सोडून मोटारीने आसपास हिंडता येते. मोटरहोमच्या बाबतीत मात्र प्रत्येक फेरीसाठी सारे घरच हलवावे लागते.

भारक्षमता

प्रत्येक वाहनावर कमाल अनुज्ञेय एकूण वजन नोंदलेले असते. त्यातून रिकाम्या वाहनाचे वजन वजा केले असता सामानासाठी शिल्लक क्षमता मिळते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असल्याने १५० लिटरची भरलेली टाकीच त्यातील १५० किलो व्यापते.

ट्रेलरच्या बाबतीत आणखी एक हिशेब आवश्यक असतो. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार जोडणीच्या दांड्यावर, म्हणजेच ओढणाऱ्या वाहनाच्या मागील भागावर पडणे अपेक्षित असते. हा भार कमी पडल्यास ट्रेलर वेगात असताना डावी-उजवीकडे हेलकावे घेऊ लागतो व चालकाचा ताबा सुटण्याचा धोका निर्माण होतो.

उदाहरणार्थ, ४,००० किलो ओढण्याची क्षमता असलेल्या एका पिकअप ट्रकला ३,००० किलोचा ट्रेलर जोडला आहे असे मानू. वरवर पाहता १,००० किलोची सवड दिसते. परंतु ट्रकच्या चालकाकडील दाराच्या चौकटीवरील पट्टीनुसार प्रवासी व सामान मिळून त्याची मर्यादा ६५० किलो आहे. दांड्यावरील भार १३ टक्के धरल्यास ३९० किलो होतो. दोन प्रौढ व तीन मुले यांचे २७० किलो आणि सायकली, सरपण इत्यादींचे ६० किलो मिळवल्यास बेरीज ७२० किलो होते. म्हणजे ओढण्याची मर्यादा पाळूनही ट्रकवर ७० किलो अतिरिक्त भार पडतो. जाहिरातींत ठळकपणे दिला जाणारा आकडा ओढण्याच्या क्षमतेचा असतो. कुटुंबाच्या बाबतीत मात्र आधी ओलांडली जाते ती बहुधा ही दुसरी मर्यादा.

आसने आणि सुरक्षितता

झोपण्याच्या जागांची संख्या आणि प्रवासात सुरक्षितपणे बसण्याच्या जागांची संख्या या भिन्न गोष्टी आहेत. सहा जणांच्या निजण्याची सोय असलेल्या मोटरहोममध्ये आसनपट्टे चारच असू शकतात. लहान मुलांचे सुरक्षा-आसन आडव्या तोंडाच्या बाकावर बसवणे योग्य नसते. त्यासाठी पुढे तोंड असलेले भक्कम आसन लागते. ट्रॅव्हल ट्रेलर धावत असताना त्यात प्रवासी बसवण्यास अमेरिकेतील बहुतेक राज्यांत मनाई आहे.

स्वयंपाक व उष्णतेसाठी प्रोपेन वायू वापरला जात असल्याने वायुगळती, धूर आणि कार्बन मोनॉक्साइड यांची सूचना देणारी उपकरणे चालू स्थितीत असणे अत्यावश्यक असते. कार्बन मोनॉक्साइडला रंग वा गंध नसतो, त्यामुळे झोपेत त्याची चाहूल लागत नाही. संकटकाळी बाहेर पडण्याची खिडकी मुलांनाही उघडता येते का, हेही पाहिले जाते.

लांबी, पाणी आणि वीज

मोठे वाहन अधिक सुखसोयींचे असले तरी त्यास सर्वत्र प्रवेश मिळत नाही. मोंटाना राज्यातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातील ‘गोइंग-टू-द-सन’ या घाटरस्त्याच्या मुख्य भागावर २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद वाहनांस मनाई आहे. जुन्या उद्यानांतील अनेक मुक्कामस्थळेही आखूड वाहनांसाठीच आखलेली आहेत.

वाहनात सामान्यतः स्वच्छ पाणी, आंघोळ व भांड्यांचे सांडपाणी आणि शौचालयाचा मैला यांसाठी तीन स्वतंत्र टाक्या असतात. नळजोडणी नसलेल्या जागी मुक्काम किती लांबवता येईल हे या टाक्यांवर ठरते. अमेरिकेत वीजजोडणी ३० किंवा ५० अँपिअरची असते. १२० व्होल्टच्या ३० अँपिअर जोडणीतून कमाल ३,६०० वॉट, तर दोन तारांतून पुरवठा होणाऱ्या ५० अँपिअर जोडणीतून १२,००० वॉट वीज मिळते. दोन वातानुकूलन यंत्रे असलेल्या वाहनांस बहुधा दुसरी जोडणी लागते.

खरेदी आणि भाडे

नवे वाहन पहिल्या काही वर्षांत झपाट्याने मूल्य गमावते. जुन्या वाहनात छत व सांध्यांतून झिरपलेले पाणी हा सर्वांत खर्चिक दोष असतो. नरम पडलेली जमीन, भिंतीवरील डाग व कुबट वास ही त्याची लक्षणे होत. वर्षातून एखादीच सहल होणार असेल तर भाड्याचा पर्याय बहुधा किफायतशीर ठरतो. खरेदीपूर्वी त्याच प्रकारचे वाहन काही दिवस भाड्याने वापरल्यास त्यातील उणिवाही ध्यानात येतात.

भारतातील स्थिती

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हान पर्यटन धोरण जाहीर केले. केरळनेही त्याच वर्षी असा उपक्रम सुरू केला. भारतात अशी वाहने बहुधा चालकासह भाड्याने घेतली जातात. त्यामुळे आसने व झोपण्याच्या जागा मोजताना चालकाचीही गणना करावी लागते.