उथळ म्हणजे नेमकं किती? वसंतातल्या क्रॅपीबद्दल काही गैरसमज

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत मार्च उजाडला की जलाशयांच्या काठी गाड्यांची रांग लागते. कुणाच्या हातात दहा-बारा फुटी काठी, कुणाच्या बादलीत वळवळणारे मिनो मासे, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच नाव: क्रॅपी. चपट्या अंगाचा, रुपेरी, काळ्या ठिपक्यांचा हा गोड्या पाण्यातला मासा एरवी खोल पाण्यात, बुडालेल्या झाडांच्या आडोशाला थव्याने राहतो. वसंतात मात्र तो अंडी घालायला काठाशी येतो आणि बोट नसलेल्यालाही सापडतो. एवढं खरं. पण या एका खऱ्या गोष्टीभोवती ऐकीव गोष्टी इतक्या जमल्या आहेत की नवखा माणूस दिवसभर गळ टाकून रिकाम्या बादलीने परततो आणि बोल नशिबाला लावतो.

सगळ्यात मोठा घोळ तारखेचा. आपल्याकडे पहिल्या पावसाचं नवं पाणी ओढ्याला आलं की वलगणीचे मासे चढतात, त्यामुळे कोकणातून तिकडे गेलेला माणूसही मनात एखादं नक्षत्र धरूनच काठावर जातो. क्रॅपीला पावसाशी फारसं देणंघेणं नाही. दिवस मोठा होऊ लागतो आणि पाणी तापू लागतं, यावर त्याची हालचाल ठरते. पाणी साधारण 50 ते 55 अंश फॅरनहाइटला (10 ते 13 सेल्सियस) आलं की तो खोलातून निघून खाडीसारख्या आत शिरलेल्या भागांच्या तोंडाशी जमतो. अंडी घालण्याचा जोर 60 ते 68 अंशांच्या (16 ते 20 सेल्सियस) दरम्यान असतो. म्हणूनच फ्लोरिडात हा हंगाम हिवाळ्याच्या शेवटीच सुरू होतो, टेनेसी-केंटकीत एप्रिलमध्ये भरात येतो आणि मिनेसोटात मे-जून उजाडतो. ‘डॉगवुडला फुलं आली की क्रॅपी आला’ असं दक्षिणेतले जुने लोक म्हणतात. ते बरंचसं जुळतं, कारण झाड आणि मासा दोघेही त्याच उबेची वाट बघत असतात. तरीही झाडाकडे बघण्यापेक्षा पाण्यात थर्मामीटर बुडवावा. दहा डॉलरच्या आमिषांपेक्षा तो अधिक उपयोगी पडतो.

याच घोळाचं दुसरं टोक म्हणजे पहाटे उठण्याचा हट्ट. मासेमारी म्हणजे पहाट, हे उन्हाळ्यात ठीक. मार्चमध्ये रात्रभर गारठलेलं उथळ पाणी पहाटे सर्वांत थंड असतं. दुपारपर्यंत उन्हाने ते दोन-चार अंशांनी चढतं आणि मासा त्यासोबत वर सरकतो. सुरुवातीच्या दिवसांत जेवून निघालेला माणूस पहाटे कुडकुडलेल्यापेक्षा जास्त मासे आणतो. जलाशयाचा उत्तरेकडचा काठ आधी तापतो, कारण त्याच्यावर दक्षिणेचं ऊन पडतं आणि उत्तरेच्या गार वाऱ्यापासून त्याला आडोसा मिळतो. गढूळ पाणी नितळ पाण्याच्या आधी तापतं, हेही ध्यानात ठेवावं.

आता ‘उथळ’ म्हणजे किती, हा खरा प्रश्न. पुष्कळांच्या डोक्यात दोन फूट हा आकडा पक्का बसलेला असतो. मिसिसिपीतल्या गढूळ जलाशयांत तो बरोबरही आहे. तिथे गुडघाभर पाण्यात घरटी सापडतात. पण नितळ पाण्याच्या तलावात ऊन खोलवर पोचतं, आणि तिथे हाच मासा आठ-दहा फुटांवर, कधी त्याहून खोल अंडी घालतो. अशा तलावात काठाच्या गवतात गळ टाकून बसणारा माणूस मासे नसलेल्या पाण्यात मासेमारी करत असतो. आमिष पाण्यात सोडावं आणि ते किती खोलीवर दिसेनासं होतं ते बघावं; जितकं लवकर दिसेनासं होईल, तितकं काठाजवळ शोधावं.

अर्काबुटला, सार्डिस, एनिड आणि ग्रेनाडा हे मिसिसिपीतले चार जलाशय पूरनियंत्रणासाठी बांधलेले. हिवाळ्यात त्यांचं पाणी उतरवून ठेवतात आणि वसंतात पुन्हा भरू देतात. पाणी चढत चढत झुडपांत शिरतं, मागोमाग क्रॅपी शिरतो आणि त्याच्या मागोमाग कमरेएवढ्या पाण्यात उतरलेली माणसं. इथे काल जिथे मासा होता तिथे आज तो नसतो, कारण काठच सरकलेला असतो. थंडीची लाट आली तर उलट होतं. मासे गायब झाले म्हणून लोक सामान आवरतात. प्रत्यक्षात ते जवळच्याच पहिल्या उतारावर, चार-सहा फूट खोल सरकून थांबलेले असतात.

काठाशी सापडणारा काळाकुट्ट मासा ‘ब्लॅक क्रॅपी’ आणि फिका तो ‘व्हाइट क्रॅपी’, हा समज तर नावानेच पसरवला आहे. या दोन वेगळ्या जाती आहेत खऱ्या, पण विणीच्या दिवसांत व्हाइट क्रॅपीचा नरही डोक्यापासून छातीपर्यंत काळवंडतो. ओळखायचं तर रंग सोडून पाठीवरच्या परातले कडक काटे मोजावेत: सात किंवा आठ असतील तर ब्लॅक, पाच किंवा सहा असतील तर व्हाइट.

हा काळवंडलेला नर म्हणजे वसंतातल्या उथळ पाण्याचा खरा रहिवासी. ‘पोटात अंडी असलेल्या माद्या महिनाभर काठाशी असतात’ ही समजूत साफ चुकीची आहे. नर आधी येतो, गवताच्या किंवा खुंटांच्या बुडाशी जागा साफ करतो. मादी थोड्या खोल पाण्यात थांबते, अंडी घालायला येते आणि परतते. एकच मादी एकाहून अधिक नरांच्या घरट्यांत अंडी घालू शकते. पुढची राखण नराची. अंडी पाण्याच्या उबेनुसार दोन ते पाच दिवसांत फुटतात. तोवर तो परांनी वारा घालतो, ब्लूगिलसारख्या अंडीचोरांना हुसकावतो आणि पिल्लं घरटं सोडेपर्यंत हलत नाही. आपल्या मरळीने पिल्लांच्या थव्याभोवती घिरट्या घालाव्यात, तसाच हा प्रकार. त्यामुळे मोठ्या माद्या हव्या असतील तर घरट्यांच्या जागेपासून एक उतार मागे, जरा खोल पाण्यात बघावं. आणि विणीच्या काळात मासा खात नाही म्हणून तो आमिष घेत नाही, हेही खरं नाही. घरट्याजवळ आलेल्या परक्या वस्तूवर नर चिडून झडप घालतो. म्हणून वास-चव नसलेली, पिसांची किंवा रबराची छोटी जिगही (वजनदार डोक्याचा नकली आमिषाचा गळ) चालते. एक षोडशांश औंसाची, किंवा त्याच्याही निम्म्या वजनाची जिग पुरे.

आमिष तळाशी न्यावं, असं पुष्कळांना वाटतं. क्रॅपी वर बघून खातो. आमिष त्याच्या थोडं वर हवं. खाली गेलेलं त्याला बहुधा दिसतही नाही. तीन फूट पाण्यात तरंगतं बूच लावून आमिष दीड फुटावर ठेवलं तर चालतं. आणि बूच बुडालं की हिसका मारू नये. या माशाच्या तोंडाच्या बाजूचा पडदा कागदासारखा पातळ असतो, इतका की ‘कागदतोंड्या’ अशा अर्थाचं टोपणनावच त्याला पडलं आहे. हिसक्याने पडदा फाटतो आणि मासा निसटतो. काठी नुसती उचलावी. उथळ पाण्यात सावली आणि पावलांचा धप्पकन आवाज यांनीही तो बिचकतो. लांब काठीचं खरं कारण हेच.

मराठी माणसाला पडणारा एक प्रश्न मात्र गंभीर आहे: अंड्यावरचा मासा पकडायचा? आपल्याकडे पावसाळ्यात समुद्रातली मासेमारी बंद असते, मग तिकडे नेमक्या विणीत परवानगी कशी? एक मादी हजारोंनी, मोठी असेल तर लाखापर्यंत अंडी देते, आणि त्यातली किती जगणार हे बरंचसं त्या वर्षीच्या पाण्याच्या पातळीवर आणि हवामानावर ठरतं. छोट्या तळ्यात तर क्रॅपी इतके वाढतात की सगळेच खुजे राहतात. म्हणून बहुतेक राज्यांत विणीत बंदी न घालता रोजच्या माशांची संख्या आणि पुष्कळ ठिकाणी किमान लांबी ठरवून दिलेली असते. तरीही नर उचलला की त्याचं ते घरटं गेलंच. ब्लूगिल वाट बघत असतात. तव्यापुरते घ्यावेत आणि उरलेले सोडावेत. उथळ पाण्यातला मासा सोडला तर बहुधा जगतो. खोल पाण्यातून ओढलेल्याचं तसं नाही, दाब बदलल्याने तो पुष्कळदा मरतो. म्हणूनच टेक्सासच्या लेक फोर्कवर डिसेंबर ते फेब्रुवारीत पकडलेला प्रत्येक क्रॅपी, लहान असला तरी, ठेवून घेण्याचा नियम आहे. तव्याचा विषय निघालाच आहे तर, रोहूसारखे मांसात शिरलेले बारीक काटे याला नसतात. रवा लावून तळावा.

मोठा क्रॅपी फक्त वसंतातच मिळतो, असंही ठासून सांगितलं जातं. ब्लॅक क्रॅपीचा जागतिक विक्रम (5 पौंड 7 औंस) टेनेसीतल्या एका तळ्यात 15 मे 2018 रोजी झाला, तेव्हा त्या जातीपुरतं हे पटावं. व्हाइट क्रॅपीचा विक्रम 5 पौंड 3 औंसांचा. तो मिसिसिपीतल्या एनिड धरणावर 1957 साली झाला, 31 जुलैला, भर उन्हाळ्यात.